अर्थरेंजर : गेंडा, गस्त, पशुवैद्यक आणि विमान एकाच नकाशावर

हत्तीच्या गळ्यातली कॉलर, म्हणजे जागा कळवणारा जीपीएस पट्टा, कुठे आहे हे कॉलर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर दिसतं. गस्तीची तुकडी कुठे आहे हे रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये, विमान कोणत्या भागावरून फिरलं हे वैमानिकाच्या जीपीएसमध्ये, काल सापडलेले तारेचे फासे रेंजरच्या वहीत आणि शिकारी फिरकू नयेत म्हणून कोणत्या गेंड्याचं शिंग कधी कापलं हे पशुवैद्यकाच्या लॅपटॉपमध्ये. आफ्रिकेतल्या अनेक अभयारण्यांत वर्षानुवर्षं असंच चालत आलं. अर्थरेंजर ही सॉफ्टवेअर प्रणाली; हे सगळं ती एका नकाशावर ओढून आणते. ते काम ती उत्तम करते. मात्र बसवण्याआधी कागदावर जे ठरवायचं असतं ते न ठरवता बसवलं, तर हाती येतो तो एक देखणा आणि निरुपयोगी पडदा.

मुळात ही प्रणाली मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या व्हल्कन कंपनीत तयार झाली. याच कंपनीच्या पैशातून झालेल्या हत्तींच्या महागणनेत १८ देशांत ३,५२,२७१ सॅव्हाना हत्ती मोजले गेले आणि २००७ ते २०१४ या सात वर्षांत संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. आता ही प्रणाली ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या संस्थेकडे आहे. संवर्धनाचं काम करणाऱ्यांना परवाना शुल्क नाही. सर्व्हर त्यांचाच, प्रत्येक अभयारण्याला स्वतंत्र जागा, नियंत्रण कक्षात ब्राउझर आणि रेंजरच्या हातात मोबाइल ॲप. नेटवर्क नसेल तर ॲप नोंद साठवून ठेवतं आणि रेंज मिळाल्यावर पाठवतं. मैदानी कामाला ही सोय नसती, तर पुढचं काही लिहायची गरजच नव्हती.

पहिली चूक नोंदींच्या यादीत होते. प्रत्येक विभागाला आपला फॉर्म हवा असतो आणि पाहता पाहता साठ प्रकारच्या नोंदी तयार होतात. भर उन्हात रेंजर त्यातला पहिला सापडेल तो प्रकार निवडतो. सुरुवातीला बारा-पंधरा प्रकार पुरेत: फासा, कलेवर, बंदुकीचा आवाज, माणसाचा माग, जखमी प्राणी, गेंडा दिसला, कुंपण तुटलं, आग, शेतात हत्ती आणि असेच काही. नोंदीला लाल, पिवळा, हिरवा किंवा करडा असा अग्रक्रमाचा रंग देता येतो. लाल रंग दोन-तीन प्रकारांनाच ठेवावा. सगळंच लाल झालं की आठवडाभरात ऑपरेटर लाल रंगाकडे बघेनासा होतो.

कलेवराच्या फॉर्मवर मात्र वेळ घालवा. प्रजाती, नर-मादी, वय, मृत्यूचं कारण, सुळे किंवा शिंग जागेवर आहे का, कलेवर ताजं की जुनं, एवढ्या रकान्यांशिवाय नोंद पुढे जाताच कामा नये. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या माइक कार्यक्रमात, म्हणजे हत्तींच्या बेकायदा शिकारीवर नजर ठेवणाऱ्या कार्यक्रमात, हत्तींसाठी पाइक नावाचं प्रमाण काढतात: बेकायदा मारलेले हत्ती भागिले सापडलेली एकूण कलेवरं. दहा कलेवरांपैकी चार शिकारीची असतील तर प्रमाण ०.४. पण रेंजरने नैसर्गिक मरणाची तीन कलेवरं ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून सोडली, तर तेच प्रमाण ०.५७ होतं. शिकार वाढलेली नसते, तरी आलेख वर जातो आणि गस्त चुकीच्या खोऱ्यात हलवली जाते.

आता या प्रणालीचा सर्वात उपयोगी भाग, म्हणजे आपोआप येणारे इशारे. प्राणी एका जागी खिळला, फार हळू चालू लागला किंवा आखलेली रेषा ओलांडली, तर संदेश येतो. यामागची बरीचशी पद्धत केनियातल्या सेव्ह द एलिफंट्स संस्थेच्या कामातून आली आहे. स्थिरतेच्या नियमात तीन आकडे भरायचे असतात: त्रिज्या, वेळ आणि कॉलरने कळवलेल्या जागांपैकी, म्हणजे बिंदूंपैकी, किती टक्के त्या वर्तुळात हवेत. सुरुवातीला १३ मीटर, ५ तास आणि ८० टक्के घेतात. कॉलर तासाला एक बिंदू देत असेल तर पाच तासांत पाच-सहा बिंदू मिळतात आणि नियम नीट चालतो. बॅटरी वाचवायला कॉलर दर चार तासांवर ठेवली असेल तर त्याच पाच तासांत जास्तीत जास्त दोन बिंदू पडतात. मग इशारा एक तर येतच नाही किंवा उगाच येतो. घनदाट वर्षावनात जीपीएसची चूकच १३ मीटरांपेक्षा मोठी होते. तिथे त्रिज्या वाढवावीच लागते.

प्रजातीनुसार हे आकडे बदलायचे असतात आणि इथेच परिसरशास्त्रज्ञाला खोलीत बोलवावं लागतं. जंगलातला हत्ती फारच थोडं झोपतो. बोत्सवानातल्या दोन हत्तिणींवरच्या अभ्यासात ही झोप दिवसाला सरासरी दोन तास निघाली. म्हणून हत्तीचा पाच तासांचा मुक्काम संशयास्पद. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास लोळत काढतो. त्याला हाच नियम लावला तर नियंत्रण कक्षात रोज सिंह ‘मरतो’. गिधाडं रात्रभर झाडावर बसून असतात, म्हणून त्यांचा नियम फक्त उजेडातल्या बिंदूंवर चालवायचा. गिधाडांना टॅग लावणं ही चैन नाही. घिरट्या घालणाऱ्या गिधाडांमुळे शिकार उघडी पडते म्हणून चोरटे शिकारी कलेवरातच विष घालतात. २०१९ च्या जूनमध्ये उत्तर बोत्सवानात विषारी हत्ती-कलेवरांमुळे ५३७ गिधाडं मेली. टॅग लावलेलं एक गिधाड दुपारी जमिनीवर खिळलेलं दिसलं, तर तो इशारा गस्तीच्या प्रमुखासोबतच विषबाधेचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या फोनवर गेला पाहिजे. नुसती तुकडी गेली तर हातमोजे न घालता कलेवराला हात लावते, नमुने घ्यायच्या आधी सगळं जाळते किंवा जाळायचंच विसरते. मग दुसऱ्या दिवशी आणखी पक्षी उतरतात.

रेषा ओलांडल्याच्या इशाऱ्यात गणित सोपं आणि तरीही हमखास चुकणारं आहे. लोक आभासी रेषा मक्याच्या शेताच्या बांधावर आखतात. हत्ती मनात आणलं तर तासाला पाचेक किलोमीटर चालतो आणि कॉलर तासाला एकदा बोलते. संदेश येईपर्यंत कळप शेताच्या मधोमध असतो. रेषा किमान चार-पाच किलोमीटर आत सरकवा. बिंदू दर पंधरा मिनिटांनी घेण्याचा मोह होतो, पण मग २४ ऐवजी ९६ बिंदू, आणि कॉलरची बॅटरी त्याच मानाने लवकर संपते. बदलायची म्हणजे हत्तीला पुन्हा भूल द्यायची.

गेंड्याचं प्रकरण वेगळंच आहे. त्याची मान आणि डोकं असं निमुळतं की गळ्यातली कॉलर एक तर सटकते किंवा जखम करते. म्हणून यंत्र पायात, कानात किंवा शिंगात बसवतात. शिंग केराटिनचं असतं, त्यामुळे त्यात भोक पाडल्याने प्राण्याला इजा होत नाही. पण शिंग वाढतं आणि जिथे दर दीड-दोन वर्षांनी शिंगं कापतात तिथे यंत्रही त्याच्याबरोबर जातं. पशुवैद्यकाचं वेळापत्रक आणि यंत्र लावणाऱ्या तंत्रज्ञाचं वेळापत्रक एकाच प्रणालीत असेल तर एका भुलीत दोन्ही कामं होतात. ही यंत्रं अनेक ठिकाणी लोरावॅन या कमी विजेवर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यावर चालतात आणि त्यांना मनोरा समोर दिसावा लागतो. गेंडा ओढ्याच्या घळीत उतरला की गप्प. नकाशावर मात्र त्याचा शेवटचा ठिपका तसाच शांतपणे बसलेला असतो. नवा ऑपरेटर नऊ तासांपूर्वीचा ठिपका आत्ताचा समजून तुकडी पाठवतो. ठिपक्यावर क्लिक करून वेळ वाचल्याशिवाय रेडिओवर बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवा. वेळेचाच आणखी एक घोळ म्हणजे यंत्रं जागतिक प्रमाणवेळेत बोलतात. केनिया त्याच्या तीन तास पुढे, मलावी आणि दक्षिण आफ्रिका दोन तास. जोडणी करताना एकाही यंत्राचा कालविभाग चुकला की त्या प्राण्याचा सगळा माग दोन-तीन तासांनी सरकतो. गेंडा गोळीच्या आवाजाच्या जागी होता की नव्हता, याचं उत्तरच उलटं येतं.

पशुवैद्यकांसाठी ‘जखमी प्राणी’ हा फॉर्म त्यांच्याकडूनच लिहून घ्या. रेंजर लिहितो ‘फासा अडकलेला सिंह, तातडीचं’. पशुवैद्यकाला हवं असतं ते वेगळं: कोणत्या बाजूला, चालतो का, फोटो, अंदाजे वजन, जवळ पाणी किंवा कडा आहे का, आणि किती वाजता पाहिला. गेंड्याला किंवा हत्तीला एटॉर्फिन या भुलीच्या औषधाचा डार्ट लागल्यावर तो पडेपर्यंत काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात तो लांब पळतो. पाण्यात पडला तर बुडतो, टळटळीत दुपारी शरीराचं तापमान धोक्यापर्यंत चढतं. हत्ती छातीवर बसला तर त्याला श्वास घेणं अवघड होतं. त्याला लगेच कुशीवर ढकलायला माणसं आणि गाडी लागते. म्हणून डार्ट मारण्याआधी गाड्या, हेलिकॉप्टर आणि पाणवठे एकाच पडद्यावर दिसणं ही खरी सोय आहे. एटॉर्फिन माणसालाही घातक असल्याने, उतारा असलेली पेटी कोणत्या गाडीत आहे हेसुद्धा नकाशावर नाव देऊन ठेवावं.

न्यायालयाच्या बाजूने अपेक्षा माफक ठेवा. कोणी नोंद केली, कधी केली आणि नंतर कोणी बदलली याचा इतिहास प्रणालीत राहतो. पण पुरावा म्हणजे सीलबंद पिशवी, तिच्यावरचा क्रमांक आणि हातातून हाती गेल्याच्या सह्या. प्रिटोरिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकीय जनुक प्रयोगशाळेच्या ऱ्होडिस संचात गेंड्यांचे डीएनए नमुने साठवले जातात आणि पकडलेलं शिंग कोणत्या कलेवराचं हे त्यातून जुळवता येतं. पिशवीचा क्रमांक कलेवराच्या नोंदीत भरायला एक रकाना ठेवला, तर पुढे सरकारी वकिलाचे कष्ट वाचतात.

सुरक्षेचा मुद्दा उगाच भीती घालण्यासाठी नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये १,२१५ गेंडे मारले गेले; २०२४ मध्येही ४२०. गेंड्याच्या आत्ताच्या जागेला बाजारात किंमत आहे. परवानग्या गटानुसार देता येतात, तेव्हा पर्यटन विभागाला गेंड्यांचा गट दिसता कामा नये. ‘कंट्रोलरूम’ नावाचं एकच खातं सगळ्यांनी वापरणं ही सर्वात सर्रास दिसणारी आणि सर्वात वाईट सवय. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी खातं बंद. आणि मोठा पडदा पाहुण्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावू नका.

स्मार्ट हे गस्तीच्या नोंदींचं दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं की हे, असं नेहमी विचारलं जातं. स्मार्टही विनामूल्य आहे. त्याचा जोर गस्तीच्या हिशेबावर: किती किलोमीटर चाललं, दर किलोमीटरला किती फासे सापडले, कोणता भाग महिनाभर कोणी पाहिलाच नाही. अर्थरेंजरमध्येही गस्तीची सोय आहे, पण तिमाही अहवालासाठी स्मार्ट सरस. आत्ता, या क्षणी काय चाललंय यासाठी अर्थरेंजर. दोघांत माहितीची देवाणघेवाण होते आणि दोन्ही प्रकल्प आता एका आघाडीत आले आहेत, त्यामुळे निवडीचा हट्ट कमी झालाय. पंधरा रेंजर, एक गाडी आणि एकही कॉलर नसलेल्या छोट्या राखीव क्षेत्राने स्मार्टपासूनच सुरुवात करावी.

विनामूल्य या शब्दाला भुलू नका. कॉलर काही हजार डॉलरची, उपग्रहाचं भाडं वेगळं, रेडिओचं जाळं वेगळं. त्याहून मोठा खर्च नियंत्रण कक्षात रात्रंदिवस खुर्चीवर लागणाऱ्या माणसाचा. आठवड्याचे १६८ तास भागिले माणशी ४० म्हणजे ४.२, रजा आणि आजारपण धरलं तर एका खुर्चीला पाच माणसं. चार ठेवली की रविवारची रात्र रिकामी राहते, आणि बाहेरच्यांना ते महिन्याभरात कळतं.

प्रणाली चालू झाल्यावर एक चाचणी जरूर करा. प्राण्याला न लावलेली एक कॉलर चालू करून, नकाशावर हत्तीचं नाव देऊन, रात्री आठला झुडपात ठेवून द्या. कोणाला सांगू नका. दोनच्या सुमारास इशारा कोणाच्या फोनवर गेला, त्याने पाहिला का, त्याने पुढे कोणाला उठवलं आणि गाडीचा ठिपका किती मिनिटांनी हलला, या चार गोष्टी वहीत लिहा.