दू फूची समग्र कविता, सहा खंडांत: स्टीफन ओवेन यांच्या द्विभाषिक आवृत्तीविषयी

दू फू (712–770) हा थांग काळातला चिनी महाकवी. इंग्रजीतून वाचायचा तर तो बहुतेकांना निवडक संग्रहांतूनच भेटतो. 2016 साली द ग्रॉयटर या प्रकाशनसंस्थेने स्टीफन ओवेन यांनी केलेला समग्र अनुवाद सहा खंडांत काढला. आज उपलब्ध असलेल्या त्याच्या चौदाशेच्या वर कविता यात आहेत. पाने तीन हजारांच्या घरात, डाव्या पानावर मूळ चिनी आणि उजव्या पानावर इंग्रजी. छापील संच वैयक्तिक खरेदीच्या आवाक्यातला नाही, तो ग्रंथालयांसाठीच आहे. पण प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून सगळ्या खंडांची पीडीएफ मोफत आणि रीतसर उतरवून घेता येते. दू फू गंभीरपणे वाचायचा असेल तर ही आवृत्ती जवळ हवीच.

वाचायला मात्र पहिल्या पानापासून बसू नका. बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. सुरुवातीच्या कवितांत सरदारांच्या घरच्या मेजवान्या, निरोपसमारंभ, नोकरीसाठी केलेल्या विनवण्या असे पुष्कळ आहे, आणि प्रत्येक ओळीत जुन्या ग्रंथांचे संदर्भ. चाळीस पानांत माणूस थकतो आणि कवीबद्दल उगीच गैरसमज करून घेतो. त्याऐवजी चौथ्या भागातली ‘वसंतदर्शन’ आधी काढा. (हे भाग म्हणजे छापील सहा खंड नव्हेत; कवितांचे भाग छिऊ चाओआओ या छिंगकालीन टीकाकाराच्या क्रमाने आहेत. भाग आणि कविता यांचे आकडे जोडून प्रत्येक कवितेला क्रमांक दिलेला आहे, त्यामुळे त्याच्या चिनी टीकाग्रंथातही तीच कविता चटकन सापडते.)

ही कविता 757 च्या वसंतातली. आन लूशानच्या बंडखोरांनी राजधानी छांगआन घेतली होती आणि दू फू तिथे अडकून पडला होता. आठ ओळी, ओळीला पाच अक्षरे, एकूण चाळीस. प्रत्येक ओळीत दोन अक्षरांनंतर यती. पहिली ओळ शब्दाला शब्द ठेवून अशी: राज्य, भंगलेले / डोंगर, नद्या, आहेत. दुसरी: शहर, वसंत / गवत, झाडे, दाट. पाचवी-सहावी: इशाऱ्याची आग / सलग तीन महिने, घरचे पत्र / मोल दहा हजार सोने. आता डाव्या पानावर बोट ठेवून पाहा. आगीखाली पत्र येते, ‘तीन’खाली ‘दहा हजार’. चिनी एक अक्षर येत नसले तरी जागा मोजून ही जुळणी दिसते. इंग्रजी वाक्यरचनेत ती पुष्कळदा विरघळते, म्हणून नुसते उजवे पान वाचणाऱ्याला दू फू सपाट वाटतो. त्याची अर्धी कारागिरी या समांतर ओळींत आहे.

त्यानंतर सातव्या भागातली ‘षहाओचा शिपाई’ वाचा. संध्याकाळी सैन्यभरतीचा शिपाई गावात येतो, म्हातारा भिंतीवरून उडी टाकून पळतो, म्हातारी दार उघडते. तिचे तिन्ही मुलगे लढाईवर गेलेले, त्यांतले दोघे नुकतेच पडले. शेवटी तीच म्हणते, मला न्या, छावणीत सकाळचा भात तरी रांधीन. पहाटे कवी निरोप घेतो तो एकट्या म्हाताऱ्याचा. कवीने स्वतःचे मत एका शब्दानेही दिलेले नाही. इथे टिपांची गरजच पडत नाही. मग नवव्या-दहाव्या भागातल्या छंगदूच्या कविता: पाहुणा येतो ती, रात्रीच्या पावसाची, वाऱ्याने छप्पर उडाल्याची. सतरावा आणि विसावा भाग शेवटी ठेवा. ख्वेइचौ या गावी लिहिलेली शरदाची आठ कवितांची माळ आणि ‘उंचावर चढून’ तिथे आहेत. त्याचे हे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोठे काम.

उणीव टिपांची आहे. त्या मोजक्या आहेत, आणि वारंवार येणारे संदर्भ खंडाच्या शेवटी गोळा केले आहेत, त्यामुळे सारखे मागेपुढे करावे लागते. एक गोष्ट तरी आधीच लक्षात ठेवा: थांग कवी आपल्या सम्राटाबद्दल बोलताना कित्येक शतके आधीच्या हान काळाचा आडोसा घेतात. ‘रथांचे गाणे’मध्ये हान सम्राट वू सीमा वाढवायचे थांबत नाही असे येते, तेव्हा रोख दू फूच्या काळच्या सम्राट श्वानत्सोंगवर असतो. हे माहीत नसले तर धारदार राजकीय कविता इतिहासाचा धडा वाटते. कालक्रमही अंतिम समजू नये, कित्येक कवितांच्या सालांवर अभ्यासकांचे एकमत नाही.

उच्चार कुठेच दिलेले नाहीत. त्यासाठी डेव्हिड हॉक्स यांचे 1967 चे ‘अ लिटल प्रायमर ऑफ तू फू’ जोडीला घ्या. त्यात 35 कविता अक्षर-उच्चार-अर्थ अशा उलगडल्या आहेत. पण ती निवड ‘थांगच्या तीनशे कविता’ या जुन्या संग्रहावरून केलेली आहे. त्यामुळे षहाओचा शिपाई, रात्रीचा पाऊस आणि उडालेले छप्पर या तिन्ही तिथे मिळणार नाहीत.

पीडीएफ वाचताना दोन अडचणी येतात. दोन पाने शेजारी लावल्यावर चिनी आणि इंग्रजीची जोडी एका पानाने सरकली, तर वाचकप्रणालीतला ‘मुखपृष्ठ वेगळे’ हा पर्याय चालू किंवा बंद करा. फोनवर ही जोडी नीट दिसतच नाही, टॅब आडवा धरा. दुसरी अडचण शोधाची: मूळ पाठ पारंपरिक लिपीत आहे. नेटवरून उचललेली ओळ आधुनिक सरलीकृत लिपीत असली तर बदललेल्या अक्षरांचे कोड वेगळे पडतात आणि शोध रिकामा येतो. ओळ आधी पारंपरिक लिपीत बदलून घ्या, किंवा सरळ कवितेच्या क्रमांकाने शोधा.