लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन: नॅनो घ्यावा की मायक्रो?

'ड्रोन नियम २०२१'नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विम्याचीही सक्ती नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोवर पैसे कमवायचे तर दहावी पास, वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. मग १० वर्षं चालणारं प्रमाणपत्र. विमा वेगळा.

नोंदणी दोघांनाही. आकाशाचे नियमही तेच: ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला परवानगी लागत नाही) उंची ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. हलका आहे म्हणून रेड झोन (जिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही) माफ नाही!

नवख्याने नॅनोच घ्यावा. किनाऱ्यावरची लग्नं घेत असाल तर मात्र प्रशिक्षण घेऊन मायक्रोकडे वळा. खाऱ्या वाऱ्यात नॅनो हेलकावतो, आणि खाली वऱ्हाडी उभे असतात.