वळूचं वीर्य गोठवायच्या डायल्युटरमध्ये (वीर्य पातळ करायच्या द्रावणात) ग्रीन टीचा अर्क : काही महिने वापरल्यानंतर

अर्काची नव्या पाकिटातली पावडर पाण्यात घातली आणि द्रावण तपकिरी झालं. जुन्या पाकिटाचं फिकट पिवळं यायचं. डीलरला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, हर्बल मालात रंग इकडेतिकडे व्हायचाच." म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमची लहानशी लॅब गोरेगावला. डायल्युटरमध्ये ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं बफर), अंड्याचा २० टक्के बलक, ग्लिसरॉल हे नेहमीचंच. त्यात हा अर्क. सुरुवातीला पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. एकाच वळूचं वीर्य दोन भागांत गोठवलं, स्ट्रॉ (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून लगेच मोटिलिटी, म्हणजे शुक्राणूंची हालचाल, पाहिली, तर दोन्ही सारखेच. मग वितळवलेले नमुने ३७ अंशांवरच दोन तास ठेवून पुन्हा पाहू लागले आणि मत बदललं. साधा नमुना ढेपाळलेला, अर्काचा अजून सरळ पुढे धावतोय. मूळचं वीर्य कमकुवत असलेल्या वळूंमध्ये हे जास्त दिसलं. ते पटण्यासारखंही आहे, कारण मेलेले शुक्राणू बलकातल्या अमिनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि जिवंत शुक्राणूंचं असंपृक्त मेदाम्लांनी भरलेलं पटल त्याने खवट होतं. गाई जास्त गाभण राहतात असं मात्र मी म्हणणार नाही. तेवढ्या गाई या स्ट्रॉंनी भरवलेल्या नाहीत.

माझा खरा राग लेबलवर आहे. "९५ टक्के शुद्ध" म्हणजे काय शुद्ध? कॅटेचिन, म्हणजे हा खवटपणा रोखणारं चहातलं द्रव्य, किती, काही नाही. मात्रा वाढली की हाच अर्क उलटा शुक्राणूंना मारतो, मग मी वजन कशाच्या भरवशावर करायचं? कॅफीन काढलंय की नाही, तेही लिहिलेलं नाही. कॅफीनने शुक्राणू तात्पुरते जोरात पळतात, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसलेला फरक नक्की कशाचा, हा प्रश्न उरतोच. घरच्या टी-बॅगा वापरा असं सुचवणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर. लॉटचं प्रमाणपत्र मागितलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच लॉटचं आलं. एवढी किंमत मोजून!

मुंबईच्या पावसाळ्यात पाकीट एकदा उघडलं की पावडरीचा गोळा होतो. झिपचा काही उपयोग नाही. आल्याआल्या छोट्या गडद बाटल्यांत वाटून, सिलिका जेल घालून फ्रीजमध्ये ठेवा. द्रावण त्याच दिवशी करा, उरलेलं टाका. कॅटेचिन पाण्यात टिकत नाही.

अर्क चालू ठेवणार आहे, पण डीलर बदलून. तपकिरी पाकीट परत पाठवलंय, पैसे अजून आलेले नाहीत.