कॅनीच्या लढाईचा पट: आठ महिने, तीसेक डाव

इ.स.पू. २१६ मध्ये कार्थेजच्या हॅनिबलने इटलीत कॅनीला रोमन फौज घेरून कापून काढली. त्या लढाईवरचा हा दोघांनी खेळायचा पट दिवाळीत घेतला. बहुतेक डाव भाच्याबरोबर झाले.

पहिला महिनाभर कार्थेजची बाजू घेऊन खेळताना सपाटून हरलो. मधली गॉल-स्पॅनिश फळी चंद्रकोरीसारखी पुढे काढायची, रोमन आत घुसले की दोन्ही टोकांचं लिबियन पायदळ त्यांच्यावर वळवायचं, एवढंच डोक्यात होतं. फळी चौथ्या चालीतच फुटायची. खरी कसरत मागे सरकण्यात आहे. एका चालीत एकच घर, तेही शेजारची सोंगटी न सोडता. घाईने दोन घरं मागे आलात की खिंडार पडलंच.

घोडदळाचं मर्म तर त्याहून उशिरा उमगलं. हॅनिबलचा सरदार हसद्रुबालने नदीकाठचे रोमन स्वार उडवले की मला त्यांच्या मागे सुटायचा मोह व्हायचा. तो आवरून रोमनांच्या पिछाडीने दुसऱ्या टोकाला जायचं, आपल्या न्यूमिडियन (उत्तर आफ्रिकी) स्वारांसमोरचं घोडदळ पळवायचं आणि मग वळून पायदळाच्या पाठीत घुसायचं. मागचं दार उघडं राहिलं तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

"मामा, हा चक्रव्यूहच ना?" भाच्याने विचारलं. नाही रे. चक्रव्यूह आधीच रचलेला असतो. इथे रोमन स्वतःच्याच रेट्याने जाळ्यात शिरतात.

सगळ्यात आवडलेला नियम गर्दीचा. सोंगट्या तीन रांगा खोल झाल्या की मागच्या रांगेला फासा टाकता येत नाही. ग्रीक इतिहासकार पोलिबियस रोमनांचं पायदळ ८०,००० सांगतो, हॅनिबलचं ४०,०००. एवढी माणसं असून निम्म्यांची तलवार शत्रूपर्यंत पोचत का नाही, ते त्या अडकलेल्या रांगा बघून कळतं.

आता तक्रारी. न्यूमिडियन घोड्यांचा रंग दोन महिन्यांत बोटांना लागायला लागला. मेल केला, उत्तर नाही. पुस्तिकेत मृतांचा आकडा ७०,००० असा ठोकून दिलाय. तो पोलिबियसचा, रोमन इतिहासकार लिव्हीचा ४८,००० च्या आसपास आहे, त्याचा उल्लेखही नाही. धुळीच्या वाऱ्याचं पत्तं आम्ही बाहेरच काढलंय, फार नशिबावर जातं.

मोठी भानगड वेगळीच. रोमनांनी पुढे यायलाच हवं, असं पुस्तिकेत कुठेच नाही. भाचा रोमन सेनापती व्हॅरो होऊन दोन तास जागचा हलला नाही, चिवडा मात्र संपवला. आता घरचा नियम केलाय: रोमनांची मधली रांग दर चालीला किमान एक घर पुढे. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहून ठेवलाय, भाच्याच्या सहीसकट.