अल-हक, ‘हमले’ की मध्यस्थ संस्था? पॅलेस्टिनी नागरी संस्थांना पाठबळ देण्यापूर्वी

पॅलेस्टिनी नागरी संस्थांना आर्थिक पाठबळ देऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीपुढे किंवा लहान निधीच्या विश्वस्तांपुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली वेस्ट बँकेतील रामल्ला येथील अल-हकसारख्या, हक्कभंगांची कायदेशीर नोंद ठेवणाऱ्या जुन्या संस्थेची. दुसरी इस्रायलमधील हैफा येथील ‘हमले’ या डिजिटल हक्कांच्या संस्थेची. आणि तिसरी संकटात सापडलेल्या कार्यकर्त्यांना तातडीची मदत पोहोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मध्यस्थांची. पैसा तिन्हींकडे निरनिराळ्या प्रकारे खर्ची पडतो आणि तो देणाऱ्यावर येणारी जोखीमही सारखी नसते.

अल-हकची स्थापना 1979 साली वकिलांनी केली, आणि तिच्या नावातला शब्द तोच आहे ज्यापासून मराठीत ‘हक्क’ आला. पाडलेले घर, बळकावलेली जमीन, गोळीबारात गेलेला माणूस, अशा प्रत्येक घटनेनंतर संस्थेचे क्षेत्रीय कार्यकर्ते साक्षीदारांना भेटून त्यांची शपथेवरची निवेदने लिहून घेतात. इस्रायली लष्कराबरोबरच पॅलेस्टिनी प्राधिकरणाने (वेस्ट बँकेच्या काही भागाचा कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्रशासनाने) केलेल्या हक्कभंगांचीही नोंद ही संस्था घेत आली आहे, ही गोष्ट तिच्या विश्वासार्हतेचा विचार करताना विसरू नये. या कामाचे फळ वर्षाअखेरच्या अहवालात दिसत नाही. आज घेतलेले निवेदन आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभे राहायला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात, आणि तोवर कागद जपणाऱ्या माणसांचा पगार कोणीतरी द्यावाच लागतो.

जोखीम मात्र याच वाटेवर सर्वाधिक आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये इस्रायलने अल-हकसह सहा संस्थांना ‘दहशतवादी’ ठरवले. जुलै 2022 मध्ये नऊ युरोपीय देशांनी संयुक्त निवेदन काढून, इस्रायलकडून आपल्याला धोरण बदलण्याजोगी ठोस माहिती मिळालेली नाही आणि सहकार्य चालू राहील, असे स्पष्ट केले. त्यानंतर महिनाभराहून थोड्या अधिक काळाने, 18 ऑगस्टच्या पहाटे, सैनिकांनी रामल्लामधील सात संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले. अल-हकचे दार लोखंडी पत्र्याने बंद करून त्यावर लष्करी आदेश डकवण्यात आला, आणि कर्मचाऱ्यांनी त्याच दिवशी ते दार पुन्हा उघडले. मला यात धाडसापेक्षाही कामाची निकड अधिक दिसते. युरोपीय आयोगाने स्वतःच अल-हकचा निधी 13 महिने रोखून धरला होता आणि जून 2022 मध्ये ती स्थगिती उठवली. म्हणजे संस्थेचे अंदाजपत्रक कोलमडायला आरोप सिद्ध व्हावा लागत नाही, चौकशीचा काळ लांबला तरी पुरते.

‘हमले’ 2013 पासून काम करते. अरबीत या शब्दाचा अर्थ ‘मोहीम’. आपला ‘हमला’ त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन आला आहे. पॅलेस्टिनी माणसाच्या डिजिटल आयुष्यावर तीन बाजूंनी नियंत्रण आहे. मोबाइल सेवेच्या फ्रिक्वेन्सी इस्रायलच्या हाती असल्यामुळे वेस्ट बँकेत थ्रीजी सेवा जानेवारी 2018 मध्ये आली आणि गाझा टूजीवरच राहिला. प्राधिकरणाच्या सायबर गुन्हे कायद्याचा आधार घेऊन रामल्लाच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये 59 संकेतस्थळे बंद करायला लावली. तिसरी बाजू समाजमाध्यम कंपन्यांची आहे, आणि संस्थेचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथेच. मे 2021 मध्ये इन्स्टाग्रामवर अल-अक्सा मशिदीच्या नावाचा हॅशटॅग अडवला गेला, कारण एका सशस्त्र गटाच्या नावाशी असलेल्या साधर्म्यामुळे तो चुकून बंदीच्या यादीत गेला होता. अशा तक्रारी एकेक करून गोळा केल्या गेल्या आणि पाठपुरावा झाला, आणि पुढे इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाला स्वतंत्र परीक्षण करवून घ्यावे लागले. सप्टेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने अरबी मजकुरावर अतिरेकी कारवाई झाल्याचे मान्य केले, आणि हिब्रूतील द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारी स्वयंचलित यंत्रणाच कंपनीकडे नव्हती, हेही नोंदवले. थोड्या पैशात मोठ्या कंपनीला हलवणारे हे काम आहे. मात्र कंपनीचे धोरण बदलले की कमावलेले हातचे जाऊ शकते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2023 मध्ये मेटाच्या व्यासपीठांवर मजकूर काढून टाकल्याच्या वा दडपल्याच्या 1,050 घटना ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवल्या, हे लक्षात ठेवावे.

तिसऱ्या वाटेवर डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स किंवा डिजिटल डिफेंडर्स पार्टनरशिप यांसारख्या संस्था येतात. फोन, सर्व्हर, वकील, तात्पुरते स्थलांतर अशा गरजांना त्या लवकर धावून जातात. देणगीदाराला कागदपत्रांचा त्रास कमी होतो, पण पैसा नेमका पॅलेस्टाइनमध्येच पोहोचेल याची हमी सहसा मिळत नाही.

या वाटा एकमेकींपासून किती कमी वेगळ्या आहेत, हे 2021 मध्येच दिसले होते. अल-हकच्या एका कर्मचाऱ्याला आपल्या फोनबद्दल शंका आली. फ्रंट लाइन डिफेंडर्सने 75 आयफोन तपासले आणि सहा फोनांमध्ये पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर सापडले. ज्या फोनवर साक्षीदाराशी बोलणे होते तोच फुटला, तर निवेदन देणाऱ्या माणसाचाच जीव धोक्यात येतो. म्हणून कायदेशीर कामाला दिलेल्या रकमेत डिजिटल सुरक्षेची स्वतंत्र तरतूद करावी, असे माझे ठाम मत आहे.

आता देणगीदार कुठे राहतो याचा विचार. अमेरिकेतील मराठी वाचकासाठी पहिली वाट बंद झाली: 4 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकी सरकारने अल-हक, तसेच गाझातील अल मेझान आणि पॅलेस्टिनियन सेंटर फॉर ह्यूमन राइट्स या हक्कसंस्थांवर निर्बंध लादले आणि कैद्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अद्दमीरवर त्याआधी जूनमध्येच लादले होते. अशा यादीतील संस्थेला पैसे देणे हा तेथील कायद्याचा भंग ठरतो, म्हणून कोणतीही रक्कम पाठवण्याच्या दिवशीची यादी पाहावी. भारतातून व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून वर्षाला 2,50,000 डॉलरच्या मर्यादेत परदेशी देणगी पाठवता येते, तरी बँक स्वतःची छाननी करतेच. नोंदणीकृत न्यासाने मात्र करसवलतीच्या अटी आधी सनदी लेखापालाकडून तपासून घ्याव्यात.

कायद्याची आडकाठी नसेल आणि सलग तीन वर्षे देण्याची तयारी असेल, तर मी अल-हक निवडेन. तेही एखाद्या प्रकल्पापुरते बांधून न घालता, पगार, भाडे आणि अभिलेखागार यांवर संस्थेला हवा तसा खर्च करता येईल अशा बिनशर्त स्वरूपात, कारण अशा संस्थांची खरी ओढाताण याच खर्चांसाठी होते. एकदाच द्यायचे असेल तर मध्यस्थ संस्था बरी. अमेरिकेत राहणाऱ्यांनी, किंवा ज्यांचा स्वतःचा व्यवसाय संगणक क्षेत्रातला आहे आणि पैशाबरोबर तांत्रिक मदतही देता येईल अशांनी, ‘हमले’चा विचार आधी करावा, मात्र तेथेही देणगीचा करार करताना बँकेने हस्तांतरण परत पाठवले तर रक्कम कोणत्या खात्यात आणि किती दिवस थांबेल, हे लेखी ठरवून घ्यावे.