फौजदारी वकिलांच्या मंडळाची वर्गणी: नाशिकमध्ये ती वसूल होते का?

आधी निकाल, कारणं नंतर. रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवण्याबद्दलची सुनावणी) आणि जामिनाची कामं रोज करणाऱ्या, सनद मिळून दहा वर्षं व्हायची असलेल्या वकिलाची वर्गणी इथे वसूल होते. सत्र खटले चालवणाऱ्या मुरलेल्या वकिलाला यातलं अर्धं तोंडपाठ असतं, आणि त्याला खरोखर हवं असलेलं बरंचसं अजून इथे मिळत नाही. मंडळाचं नाव मुद्दाम देत नाही. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

वर्गणीत चार गोष्टी मिळतात: महिन्याचं बातमीपत्र, शनिवारी कोर्ट सुटल्यावरची बैठक, अर्जांच्या नमुन्यांचा संच आणि सुट्टीच्या दिवशी रिमांडला कोण उभं राहणार याची पाळी. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल जास्त लिहितो, कारण पैसे खरे तिथेच वसूल होतात.

बातमीपत्राचं पहिलं पान सत्कारांचं आहे. शाल, श्रीफळ, हसरे चेहरे. ते उलटायचं. दुसऱ्या पानापासून काम सुरू होतं आणि तिथला कलमांचा तक्ता उत्तम आहे. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर असे तक्ते पैशाला पासरी निघाले. या तक्त्यात मात्र पाय घसरण्याच्या जागांवर चौकटी आहेत. सगळ्यात मोठी चौकट ४८२ ची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करण्याची याचिका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याची याचिका ५२८ खाली जाते. ‘फोर एटी टू टाकूया’ असं म्हणणाऱ्या दोन वकिलांच्या मनात आजही दोन वेगळे अर्ज असू शकतात. तसंच ३५१ चं: न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) ती धमकी, सुरक्षा संहितेत आरोपीचा जबाब, म्हणजे जुना ३१३. नुसता आकडा सांगून भागत नाही, कायदाही सांगावा लागतो. खुनाचा ३०२ आता १०३ झाला, आणि न्याय संहितेतला ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा आहे. वर्षानुवर्षांची सवय हीच इथली अडचण असते.

तक्त्याखाली एक ओळ ठळक हवी होती, ती बारीक अक्षरात आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला आणि फिर्याद नंतर दाखल झाली, तर शिक्षेची कलमं जुन्या दंड संहितेची, पण प्रक्रिया नव्या संहितेची. त्या दिवशी तपास, चौकशी किंवा खटला प्रलंबित असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ मुळे ते काम जुन्या संहितेनेच चालतं. यात गल्लत झाली की अर्ज शिरस्तेदाराच्या टेबलावरूनच परत येतो.

आता नमुन्यांच्या संचातलं रिमांड कार्ड. ही या मंडळाची सगळ्यात चांगली गोष्ट. जाड कागद, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकार, कोटाच्या खिशात मावतो. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला दिवसांची पट्टी. प्रश्नांचा क्रम असा: अटक किती वाजता, चोवीस तास कधी संपतात (सुरक्षा संहितेचं कलम ५८; पुढचे आकडेही तिचेच), अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही आहे का (३६), नातेवाइकाला कळवलं का (४८), वैद्यकीय तपासणी झाली का (५३), आणि अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली का (४७). शेवटच्या प्रश्नाला कार्डावर जागा जास्त आहे आणि ते बरोबरच आहे. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखी कारणं ताबडतोब देता आली नाहीत तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी हातात पडलीच पाहिजेत. म्हणून कार्डावर दोन वेळांचे रकाने आहेत: कागद हातात आला ती, आणि कोर्टात हजर केलं ती. वेळ आरोपीला विचारून लिहा, रिमांड रिपोर्टवरून उतरवू नका. कारणांचा कागद आणि रिमांड रिपोर्ट शब्दशः सारखे दिसले तर तेही टिपून ठेवा.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कलम ३५(३) ची (अटक न करता हजर राहायला सांगणारी) नोटीस दिली का, हा प्रश्न अर्णेश कुमार (२०१४) आणि सतेंदर कुमार अंतिल (२०२२) यांच्या उल्लेखासह आहे. त्याच अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही. ते कार्डावर अजून आलेलं नाही. पुढच्या छपाईत यावं.

मागच्या बाजूच्या पट्टीत मात्र एक उणीव आहे, आणि ती महागात पडू शकते. पोलीस कोठडीच्या दिवसांची चालती बेरीज लिहायला जागाच नाही. जुन्या संहितेत पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, त्यामुळे बेरजेची गरज नव्हती. कलम १८७(२) खाली तेच पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने मागता येतात: दोषारोपपत्राला साठ दिवसांची मुदत असलेल्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वदच्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत. तीन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), मग पंचविसाव्या दिवशी पुन्हा दोन दिवसांची मागणी, असं होऊ शकतं. एकूण किती झाले हे वकिलाकडे लिहिलेलं नसेल तर सोळावा दिवस गुपचूप निघून जातो. तोवर पट्टीच्या कडेला पेन्सिलीने बेरीज ठेवावी. याच मुद्द्यावर जामिनाला हरकत येते की ‘अजून कोठडी लागू शकते’. कलम ४८०(१) च्या परंतुकात याचं उत्तर आहे: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्यावरून, अन्यथा पात्र असलेल्या आरोपीचा जामीन नाकारता येत नाही. हे वाक्य नमुन्याच्या अर्जात घातलेलं आहे. शाबास.

दोषारोपपत्र वेळेत न आल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाची मोजणी पट्टीवर अचूक आहे. ईडी विरुद्ध कपिल वाधवान (२०२३) प्रमाणे पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा. समजा पहिला रिमांड १ मार्चला झाला. मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून २९ एप्रिल हा साठावा दिवस. त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र आलं नाही तर ३० एप्रिलला हक्क उभा राहतो. दोन चुका नेहमी होतात. एक, अटकेच्या तारखेपासून मोजणं. अटक संध्याकाळी आणि रिमांड दुसऱ्या दिवशी असेल तर एक दिवस चुकतो आणि अर्ज मुदतीआधीच पडतो. दुसरी चूक जास्त घातक: ‘दुपारी टाकू’. एम. रवींद्रन (२०२०) नुसार मुदत संपल्यावर अर्ज दिला की हक्क बजावला गेला, नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो जात नाही. पण अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हक्क संपला. म्हणून कोर्ट उघडताच अर्ज, आणि आवक शिक्क्याशेजारी वेळ लिहून घेणं. नमुन्यात अर्जाच्या डोक्यावरच ‘दाखल वेळ’ असा रकाना छापलाय. साधी युक्ती, पण खूप उपयोगी. साठ की नव्वद हे ठरवण्यासाठी एक छोटी यादी आहे: न्याय संहितेतली फसवणूक ३१८(४), कमाल सात वर्षं, म्हणजे साठ दिवस. व्यावसायिक प्रमाणातल्या एनडीपीएस (अमली पदार्थ कायद्याच्या) गुन्ह्यासाठी १८० दिवस वेगळे दाखवले आहेत. मेफेड्रोनचं ते प्रमाण ५० ग्रॅम, गांजाचं २० किलो.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या कैद्यांसाठी कलम ४७९ चं एक पान असतं. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांना निम्मा काळ आत काढल्यावर जामीन. सात वर्षांच्या गुन्ह्यात हे अनुक्रमे २८ आणि ४२ महिने. फाशी किंवा जन्मठेप असलेले गुन्हे यात बसत नाहीत, आणि आरोपीमुळे झालेला विलंब मोजत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. पानावर एवढं सगळं आहे. नाही ते एवढंच, की ४७९(२) प्रमाणे एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तर ही सवलत मिळत नाही, आणि बहुतेक अर्ज नेमके तिथेच अडकतात. अर्ज लिहिण्याआधी आरोपीवरचे बाकीचे गुन्हे विचारून घ्यावेत.

शनिवारच्या बैठकींचा दर्जा वक्त्यावर अवलंबून आहे. भाषण झालं तर वेळ वाया. उलटतपासणीचा सराव झाला तर पुढच्या महिन्यापर्यंत पुरतं. सरावात ओमिशन (साक्षीदाराने आधीच्या जबाबात न सांगितलेली गोष्ट) कसं सिद्ध करायचं हे पायरीपायरीने घेतलं जातं. साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब (१८०) आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवायची, नव्याने आलेला भाग शोधायचा, तो साक्षीदाराला दाखवायचा. नाशिकच्या कोर्टांत उत्तर ठरलेलं असतं: ‘मी पोलिसांना सांगितले होते, त्यांनी का लिहिले नाही याचे कारण सांगू शकत नाही.’ नवखे इथे खूश होऊन बसतात. काम अर्धंच झालेलं असतं. तपास अधिकारी साक्षीला आल्यावर ‘या साक्षीदाराने असे सांगितले नव्हते’ हे त्याच्याकडून आलं नाही, तर युक्तिवादात त्या ओळीला आधार राहत नाही. उलट, जबाबात होतं पण कोर्टात बदललं, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे तो भाग ‘अ ते अ’ असा खुणेने दाखवायचा. सूचनांच्या (उलटतपासणीत साक्षीदारापुढे मांडलेल्या बचावाच्या म्हणण्याच्या) भाषेवरही इथे बारकाईने बोलतात. ‘हे म्हणणे खरे नाही की मी घटनास्थळी नव्हतो’ अशी दुहेरी नकाराची ओळ टाइप झाली की वर्षभराने वाचताना अर्थाची चाळण होते. टाइप होत असतानाच पडद्यावर नजर ठेवा आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर मंडळ कमी पडतं. खोतकर प्रकरणाने (२०२०) प्रमाणपत्राची सक्ती पक्की केली, आणि तो खटला तर जालन्याच्या निवडणुकीतला, आपल्याच राज्यातला. नव्या साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे: भाग अ साधन हाताळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. बचावाने बघायचं ते एवढंच की दोन्ही भागांतलं मूल्य जुळतं का, कोणती पद्धत वापरली हे लिहिलंय का, आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) जप्त केल्यापासून मूल्य काढेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होतं. बातमीपत्राने यावर एक परिच्छेद छापला आणि हात झटकले. सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खालच्या झडतीच्या चित्रणाची प्रत मागायचा अर्ज नमुन्यांच्या संचात नाही. पी. गोपालकृष्णन (२०१९) प्रमाणे मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि पीडितेच्या खासगीपणासारखे अपवाद सोडून त्याची प्रत आरोपीला मिळते. एवढं हाताशी असताना नमुना तयार नसावा हे आळसाचं लक्षण आहे.

निफाड, मालेगावला सत्र न्यायालयं आहेत. कळवण, सुरगाण्याच्या वकिलाने शनिवारी संध्याकाळी नाशिकला यायचं म्हणजे रात्र प्रवासात. बैठकीचं ध्वनिमुद्रण पाठवत नाहीत, टिपणंही नाहीत. वर्गणी मात्र सगळ्यांना सारखी. सुट्टीची पाळीही शहरापुरतीच चालते, पण शहरात ती नीट चालते. मोफत विधी सहायाच्या बचाव पक्ष कार्यालयातले वकील खासगी कामं घेत नाहीत, तरी त्यांच्याकडे मंडळ प्रतिस्पर्धी असल्यासारखं बघतं. रिमांडची सगळ्यात जास्त गर्दी तेच हाताळतात. त्यांना बैठकीत बोलवायला हवं. निदान शेवटच्या पानावर १५१०० हा मदत क्रमांक छापतात, हे बरं.

जामीनदाराचं पान सगळ्यात व्यवहारी. सातबारा ताजा हवा, उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं, सामाईक क्षेत्र असेल तर हिस्सा कोणता हे आधीच विचारून ठेवावं. बहुतेक वेळा कागद तिथेच परत येतात. परजिल्ह्यातल्या मजुराला स्थानिक जामीनदार मिळत नाही. त्याच्यासाठी ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार दिलाय: जामीन मंजूर होऊन महिना झाला तरी बंधपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तोवर रोख जामिनाचा अर्ज वेगळा द्यावा. त्याचा नमुना संचात आहे, पण दुसऱ्या परिच्छेदात अजून ‘कलम ४३७’ राहिलंय. छापून घ्यायच्या आधी खोडून ४८० करा.