काळीत लाकडी घर: दगडाचा पाया, कॉलम की पाइल?

गाव पांढरीत म्हणजे पांढऱ्या मातीवर आणि शेत काळीत म्हणजे काळ्या मातीत, ही जुन्या लोकांची वाटणी उगाच नव्हती. आता ज्याला त्याला शेतात घर हवंय, म्हणजे घरही काळीत आलं. त्यात ते लाकडी सांगाड्याचं आणि आपल्याच देखरेखीखाली उभं करायचं म्हटलं, की गवंडी पहिलं वाक्य टाकतो, "लाकडाचं घर हलकं, त्याला कशाला एवढा पाया?"

गफलत इथेच होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर जड बांधकाम असलं तर ती थोडीफार दबून राहते. हलकं घर मात्र सहज उचलते. चारही कोपरे सारखे उचलले तरी एक वेळ चाललं असतं, पण न्हाणीचं पाणी जिकडे मुरतं तो कोपरा आधी वर जातो आणि दारं घासायला लागतात. हलकेपणाचा फायदा पायाच्या रुंदीत मिळतो, खोलीत नाही. खालची तुलना याच हिशोबाने केली आहे.

आधी मुरूम, म्हणजे काळीखालचा घट्ट थर, किती खाली लागतो ते बघा. जेसीबी तासाभर आणून आखणीच्या बाहेर तीन-चार खड्डे घ्या. आत नको, कारण बुजवलेला खड्डा पुढे खचतो. शेजारच्या विहिरीवरून अंदाज येतो, पण एकाच शेतात बांधाकडे चार फुटांवर मुरूम आणि ओढ्याकडे बारा फुटांवरही काळीच, असं सर्रास असतं.

मग माती किती फुगते ते. वाळवून बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम घ्यायची, मापाच्या दोन नळ्यांत टाकायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि 24 तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याहून किती टक्के जास्त जागा घेते, तो फुगण्याचा निर्देशांक. 50 च्या आत असेल तर माती बरी, 100 च्या पुढे गेली तर वाईट. रॉकेलच हल्ली मिळत नाही, त्यामुळे अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुना दिलेला सोपा.

मुरूम चार फुटांच्या आत असेल, पाटोदा-आष्टीच्या माळरानासारखा, तर दगडी पाया घ्या आणि पुढचं फार वाचू नका. काळा दगड जवळच मिळतो, गवंड्याच्या हातातलं काम आहे, सळई जवळजवळ लागत नाही. फक्त वरून काँक्रीटचा सलग पट्टा हवाच, नाहीतर लाकूड बोल्टने बांधणार कशाशी? आणि जोत्यात भर मुरमाची घाला. खोदलेली काळी माती तिथेच ढिगाने पडलेली असते आणि ती आत ढकलायचा मोह सगळ्यांना होतो.

मुरूम चार ते आठ फुटांच्या दरम्यान असेल तर कॉलम-फुटिंग बरं, म्हणजे मुरमावर काँक्रीटची बैठक आणि तिच्यावर खांब. तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीला ते येतं, हा त्याचा मोठा गुण. खोड प्लिंथ बीममध्ये, म्हणजे जोत्यापाशी कॉलम जोडणाऱ्या काँक्रीटच्या तुळईत आहे. बहुतेक ठिकाणी बीम थेट काळ्या मातीवर ओततात. खाली फुटिंग मुरमावर घट्ट, आणि मधे फुगलेली माती बीमला खालून रेटतेय! बीमखाली तीन-साडेतीन इंच पोकळी ठेवायला सांगा आणि ओतायच्या दिवशी स्वतः हजर राहा.

गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या खोल काळीत माझं मत पाइलच्या बाजूने आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइल अशाच मातीसाठी आहे. अरुंद भोक पाडून तळाशी कांद्यासारखा फुगवटा करायचा, साधारण भोकाच्या अडीचपट रुंद. खोल काळ्या मातीत लांबी किमान 3.5 मीटर, म्हणजे ऋतूंप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली फुगवटा अडकून राहतो. 34 बाय 22 फुटांच्या घराला, फक्त बाहेरच्या भिंती धरून, दगडी पायासाठी दोन फूट रुंद, साडेसहा फूट खोल चर म्हणजे साडेचौदा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) खोदाई. त्याच भिंतींना आठ-आठ फुटांवर दहा इंची चौदा पाइल घेतले तर काँक्रीट सव्वा ब्रासच्या आसपास. वर बीम लागेल तो वेगळा.

अडचण माणसांची आहे. फुगवटा करणारं अवजार आणि ते चालवणारे गावात सापडत नाहीत, शहरातून टोळी आणावी लागते. फुगवटा डोळ्यांना दिसतही नाही; अवजार तळाशी पूर्ण उघडतंय का आणि माती किती निघाली यावर लक्ष ठेवावं लागतं. भोक पाडलं त्याच दिवशी काँक्रीट आणि सळई पूर्ण लांबीची, कारण इथे पाइल दाबला जातो तसा ओढलाही जातो. राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा स्लॅब, या सगळ्यात महाग पडतो. एवढ्याशा घराला मी सुचवणार नाही.

पाया कुठलाही घ्या, घर त्याला बांधलेलं हवं. जुन्या वाड्यात खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या घडीव दगडावर, नुसता टेकवलेला असे. ते चालायचं, कारण वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं दाबत होतं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि तेच ओझं माणसांच्या अंगावर आलं. कित्येक घरांत खणांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. आपल्या पत्र्याच्या घराला ते ओझं नाही, चांगलंच आहे, पण मग अवकाळीचं वारं त्याला वर खेचणार. छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरतात. म्हणून प्रत्येक खांबाला काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट.

तळखड्यातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचला: लाकूड जमिनीपासून वर ठेवणं. जोतं दीड-दोन फूट, लाकडाखाली डांबरी फेल्ट, आणि भरावावर उधई (वाळवी) लागू नये म्हणून औषधाची फवारणी. त्यातल्या इमिडाक्लोप्रिडचं नाव कापूसवाल्यांना नवं नाही. विहिरीजवळ मात्र जपून.

वेळ दिवाळीनंतरची बरी. माती ना भिजलेली ना भेगाळलेली, आणि पाणी मारायला विहिरीत पाणी असतं. मे महिन्यात टँकर मागवून काँक्रीट भिजवणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

विटांच्या घरात इंच-दीड इंचाची चूक प्लास्टरखाली जाते. इथे ती थेट सांध्यात दिसते. आखणी 3-4-5 च्या गुण्याने, म्हणजे काटकोन धरून, करा, दोन्ही कर्ण मोजा, पाण्याच्या नळीने पातळी घ्या, बोल्टसाठी प्लायवूडचा साचा करा. तरीही फरक राहतोच, म्हणून खालच्या आडव्या लाकडाला भोकं बोल्ट बसल्यावर, जागेवरच माप घेऊन पाडायची.